पेटीवरचे गोविंदराव

सूरजागडच्या डोंगरात पियानो कोण चढविणार? मिस्सेतील गीतांना आधार पेटीचाच. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेले हे वाद्य; कलकत्त्यात त्याची हातपेटी झाली आणि महाराष्ट्रात तिला गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) लाभले.

पट्ट्यांवर बोटे फिरविता फिरविता चाली रचणारा, पदे लिहिणारा आणि ती स्वतः गाणारा असा दुसरा कलावंत त्या पिढीत सहसा आढळत नाही. भास्करबुवा बखले यांच्या गायनाला ते साथ करीत. साथीचे हे वाद्य त्यांनी स्वतंत्र वादनाच्या योग्यतेला नेले, आणि माझ्या मते तीच त्यांची मोठी कामगिरी. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात तर गीते त्यांची, संगीत त्यांचे आणि हरिश्चंद्रही तेच!

पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती बांधल्या जातात, हा आक्षेप जुनाच. तो अगदीच खोटाही नाही. पण १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले. ज्या वाद्याने गोविंदरावांना घडविले ते रेडिओवर पुन्हा ऐकू येऊ लागले १९७१ च्या सुमारास. तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.