सायटिक मज्जातंतूची वेगळी वाट

कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या कळांचे मूळ मज्जातंतूत असू शकते, हे नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये मांडले. मात्र त्या मज्जातंतूच्या नितंबातील वाटेकडे शल्यविशारदांचे लक्ष वळले ते विसाव्या शतकात. त्रिकास्थीपासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत जाणारा पिरिफॉर्मिस स्नायू या वेदनेत गुंतलेला असावा, असे यीओमन यांनी १९२८ मध्ये सुचवले. सायटिक मज्जातंतू बहुधा या स्नायूच्या खालून अखंड बाहेर पडतो. काही शरीरांत मात्र तो आधीच दुभंगतो आणि त्याचा एक फाटा स्नायू भेदून जातो. बीटन व अ‍ॅन्सन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये अशा सहा संभाव्य रचनांची वर्गवारी केली, जी आजही प्रमाण मानली जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी माकडहाडाच्या दुखण्याशी या वेगळ्या रचनांचा संबंध सुचवला, तो मात्र धाडसीच म्हणावा लागेल. दरम्यान १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील सरकलेल्या चकतीकडे बोट दाखवल्याने स्नायूचा विचार मागे पडला. सहा हजारांहून अधिक शवविच्छेदनांचा २०१० मधील आढावा सांगतो की, ही वेगळी रचना सुमारे १७ टक्के शरीरांत आढळते आणि पिरिफॉर्मिसच्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही तिचे प्रमाण जवळपास तेवढेच असते. तेव्हा केवळ रचनेला दोष देणे टिकत नाही.