अवताराचा रथ जमिनीला टेकतो तेव्हा

'अवतार' हा शब्द आता प्रोफाइल फोटोपुरता उरलाय. पण व्हिडिओ गेममध्ये तो आला तेव्हा त्याला मोठा अर्थ होता. अमेरिकेतल्या रिचर्ड गॅरियटला त्याच्या 'अल्टिमा' या रोल-प्लेइंग गेमबद्दल पत्रं यायची. त्यांतून त्याला कळलं, की जिंकण्यासाठी लोक दुकानं लुटतात, गावकरी मारतात आणि तरी शेवटी हिरो ठरतात. म्हणून १९८५च्या चौथ्या भागात त्याने खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म, नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचं, एवढीच मोहीम. कल्पना सरळ हिंदू धर्मातून घेतलेली.

त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे द्यायचे ते आपणच टाइप करायचं. शंभराच्या मालाला एक नाणं दिलं तरी ती काही बोलत नाही. पण आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो, आणि तो स्क्रीनवर दिसत नाही. मी दिवसा नागपूरच्या मिहानमध्ये कोड लिहितो, त्यामुळे मला यातला साधेपणा फार आवडतो. आठ गुण, आठ व्हेरिएबल. बास!

आपल्याला हा हिशेब नवा नाही. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. 'नरो वा कुंजरो वा' झालं आणि रथ खाली टेकला. अश्वत्थामा मेल्याचं ऐकून द्रोणांनी शस्त्रं टाकली, युद्धाचं पारडं फिरलं, तरी रथ टेकला तो टेकलाच. महाभारताइतकी काळोखी गोष्ट दुसरी कुठली असेल? पण कुणाचं काय चुकलं याची नोंद तिथे कधी हरवत नाही.

पुढचे अल्टिमाही काळोखेच होते. पाचव्यात (१९८८) तेच सद्गुण कायदा बनतात: खोटं बोललास, तर जीभ कापणार. सातवा (१९९२) तबेल्यातल्या एका भीषण खुनाने सुरू होतो. चाहत्यांनी दोन्ही डोक्यावर घेतले.

मग मार्च १९९४मध्ये आठवा आला, 'पेगन'. अवतार परक्या जगात अडकलाय आणि त्याला घरी परतायचंय. त्यासाठी तो चोरी करतो, विश्वासघात करतो, त्या जगाच्या शक्ती एकेक करून बळकावतो. पर्याय नाही, कारण असं केल्याशिवाय गेम पुढेच सरकत नाही. आणि गुणांचा हिशेब? तो काढूनच टाकलेला. (वर उड्या मारायला लावणारी कोडी इतकी, की लोक त्याला 'सुपर अवतार ब्रदर्स' म्हणू लागले.) गेम घाईत बाहेर काढला, हे गॅरियटने नंतर कबूलही केलं. 'ओरिजिन' ही त्याची कंपनी १९९२मध्येच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली होती.

चाहते चिडले, तेव्हा 'मोठे व्हा, जग असंच असतं' हे उत्तर ठरलेलं. आजही एखाद्या गेमच्या काळोखाबद्दल कुरकुर केली की मित्र हेच ऐकवतात. मला ते पटत नाही. 'विचर ३'मधला ब्लडी बॅरन दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस आहे, पण त्या कथेत त्याचं काहीच माफ होत नाही. म्हणून ती सुन्न करते. पेगनमध्ये रथ टेकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

चौथा भाग जीओजीवर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. आठवाही तिथे मिळतो. तो मी एकदा संपवला, पुन्हा उघडला नाही.