धोत्रा आणि स्मरणशक्ती

साखरखेर्ड्याच्या शिवारात धोत्रा कोणी मुद्दाम लावीत नाही. तो बांधावर आपोआप उगवतो. महाशिवरात्रीला आपण त्याचे फूल शंकरास वाहतो. याच धोत्र्याची एक हकीकत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. एका दासीने मालकिणीस धोत्रा चारला, तिची शुद्ध हरपली आणि दागिने गेले.

धोत्र्यात स्कोपोलामिन हे द्रव्य असते. मज्जातंतूंचा निरोप पोचविणाऱ्या ॲसिटिलकोलिनची वाट ते अडविते. १९७६ साली अमेरिकेत बार्टस व जॉन्सन यांनी ते ऱ्हीसस माकडांना दिले, तेव्हा क्षणापूर्वी पाहिलेली खूण त्यांना आठवेना. म्हातारी माकडेही अशीच चुकतात, असे पुढे दिसून आले. मग १९७९ च्या प्रयोगात ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारे फायसोस्टिग्मिन वृद्ध माकडांना दिले. काहींची स्मृती सुधारली. मात्र ज्याची त्याची योग्य मात्रा निराळी निघाली. याच विचाराच्या वाटेने १९९६ मध्ये डोनेपेझिल अमेरिकेत मान्य झाले. ते स्मृतिभ्रंश बरा करीत नाही; काहींना काही काळ आधार देते, इतकेच.

यातून आपण काय घ्यावे? घरातले आजोबा तेच तेच विचारू लागले, की ‘म्हातारचळ’ म्हणून आपण मोकळे होतो. पण सर्दीच्या, झोपेच्या, लघवीच्या काही गोळ्याही ॲसिटिलकोलिन अडवितात. तेव्हा त्यांच्यावर रागावण्यापूर्वी त्यांच्या साऱ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. आणि धोत्रा शंकरापुरताच राहू द्यावा.