दिव्यांचा पसारा आवरताना

रात्रीच्या शहराचे छायाचित्र घेणाऱ्या पहिल्या पिढीला अंधारापेक्षा दिव्यांनीच जास्त छळले. अंधारावर उपाय होता. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा आणि भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवायचे. दिवा मात्र आवरत नसे. त्याचा प्रखर प्रकाश काचेच्या प्लेटवरील रासायनिक थरातून आरपार जाई, काचेच्या मागच्या बाजूवरून परते आणि त्याच थरावर जरा सरकून पुन्हा पडे. मग दिव्याच्या जागी पांढरा फुगारा उमटे आणि शेजारचे खांब-खिडक्या त्यात बुडून जात. या दोषाला हॅलेशन म्हणतात. त्यावरचा उपाय घरगुती वाटावा असा होता: साखर करपवून तिच्यात तपकिरी मातीचा रंग कालवायचा आणि प्लेटच्या पाठीला फासायचा. आरपार आलेला प्रकाश तिथेच जिरे.

लंडनमध्ये स्थायिक झालेला फ्रेंच लाकूड-कोरक्या पॉल मार्टिन याने १८९५ च्या सुमारास गॅसबत्त्यांचे लंडन टिपायला सुरुवात केली. तो संध्याकाळचा उजेड पुरता जाण्याआधी प्लेटवर इमारतींचा आकार घेई, भिंगावर झाकण ठेवी आणि दिवे लागल्यावर, कॅमेरा तसूभरही न हलवता, तीच प्लेट पुन्हा उघडी करी. घरांना कडा मिळत आणि दिवेही फार पसरत नसत. या साऱ्या इतिहासातली सर्वांत कल्पक युक्ती हीच म्हणावी लागेल. पुढच्या दोन-तीन वर्षांत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने न्यूयॉर्कमध्ये पावसाने भिजलेले आणि बर्फाने झाकलेले रस्ते निवडले. जमीनच प्रकाश परतवू लागली की गडद भागांतही तपशील येतो, हे त्या चित्रांत स्पष्ट दिसते.

रात्रीच्या छायाचित्रणाचे तंत्र ब्रासाई या छायाचित्रकाराने कळसाला नेले. त्याचे मूळ नाव ग्युला हालास. ट्रान्सिल्व्हेनियातून १९२४ मध्ये पॅरिसला आलेला हा माणूस रात्र-रात्र पायी भटके. उघडा दिवा तो सहसा चौकटीत येऊ देत नसे. झाडाच्या खोडाआड किंवा खांबामागे दिवा लपेल अशी जागा शोधून तो तिवई रोवी. धुके आणि पाऊस त्याला हवेसे वाटत, कारण त्यांनी दिव्याचा कडकपणा मऊ होई. वेळ मोजायला तो सिगारेट पेटवी: उजेड बरा असेल तर गोलवाज, फार काळोख असेल तर जाड बोयार. १९३२ च्या अखेरीस निघालेल्या ‘पारी द न्वी’ या त्याच्या पुस्तकातले ओले फरसबंद रस्ते दगड मोजता यावेत इतके रेखीव आहेत.

फिल्म आल्यावर हॅलेशन रोखणारा थर कारखान्यातूनच लागून येऊ लागला आणि साखर करपवण्याचे काम संपले. मार्टिनची युक्ती मात्र टिकली. आजही अनेक छायाचित्रकार तिवई न हलवता कातरवेळी एक आणि दिवे लागल्यावर दुसरे चित्र घेतात व संगणकावर दोन्ही एकत्र करतात.