नावाच्या शेवटचं ‘इयम’

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ही नावं आपण दवाखान्यात, खताच्या दुकानात ऐकतो. सगळ्यांचा शेवट सारखाच का, ते आज आम्ही सांगणार आहोत.

नावाच्या शेवटी ‘पूर’ आलं की ते गाव, हे आपल्याला न सांगता कळतं. तसंच मूलद्रव्याच्या नावाला ‘इयम’ लागलं की तो बहुधा धातू. ही खूण लॅटिनची. लॅटिन ही जुन्या रोमची भाषा. आपल्याकडचे पंडित संस्कृतात लिहीत, तसे युरोपातले विद्वान लॅटिनमध्ये लिहीत.

लॅटिनमध्ये सोनं म्हणजे ऑरम, लोखंड म्हणजे फेरम. १८०७ साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या मदतीने दोन नवे धातू वेगळे काढले. लाकडाच्या राखेतून मिळतो तो पोटॅश. त्यावरून एकाचं नाव पोटॅशियम. सोड्यावरून दुसऱ्याचं सोडियम. पुढे ही रीतच पडली. हेलियमलाही आधी धातू समजूनच हे नाव दिलं. तो वायू निघाला, पण नाव राहिलं.

या रीतीचा एका बाईने मोठा उपयोग केला. मारी क्युरी यांचा जन्म १८६७ मध्ये वॉर्सा शहरात झाला. तेव्हा पोलंड देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून मारी पॅरिसला जाऊन शिकल्या. १८९८ साली त्यांना आणि त्यांचे पती पिएर यांना एक नवं मूलद्रव्य सापडलं. पोलंडचं लॅटिन नाव पोलोनिया. त्यावरून त्यांनी नाव ठेवलं पोलोनियम. नकाशावरून पुसलेला देश विज्ञानाच्या तक्त्यात आला. पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला तो १९१८ साली.

लिझ माइटनर यांचंही असंच. अणू कसा फुटतो, हे उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण त्या शोधाचं नोबेल फक्त त्यांचे सहकारी ऑटो हान यांना मिळालं. १९९७ मध्ये १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला माइटनेरियम हे नाव कायम झालं.

आपल्या मुलींच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा तक्ता असतो. आज संध्याकाळी तो उघडून ८४ आणि १०९ हे दोन चौकोन त्यांच्यासोबत शोधू या.