खरारा, सोडण आणि तारेचा ब्रश

खरारा म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करायचे लोखंडी साधन. त्याने घासण्याच्या कामालाही मराठीत खराराच म्हणतात. तळहाताएवढा पत्रा, त्यावर उभ्या बसवलेल्या चार-सहा दातेरी पट्ट्या आणि मागे लाकडी मूठ किंवा हात अडकवायचा पट्टा, एवढीच त्याची घडण. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत तो गोल गोल फिरवला की पट्ट्यांच्या मधल्या खाचांत धूळ, कोंडा आणि गळते केस साचतात. पाच-सात हात मारून झाले की मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, तो दगडावर आपटतो. खाली राखाडी भुकटीची एक रेघ पडते आणि हात पुन्हा घोड्याच्या अंगावर जातो. वसई-विरारच्या दुकानांत आज कुत्र्या-मांजरांचे झडते केस काढायला जे ब्रश मिळतात, त्यांतल्या निदान एका शाखेचे मूळ या खराऱ्यात आहे. कोणत्या जनावराला कोणता ब्रश, हा प्रश्नही इथे नवा नाही. वसईच्या वाड्यांत आणि गोठ्यांत तो पूर्वी रोजच सोडवला जाई, फक्त जनावरे वेगळी होती.

उत्तर कोकण हा घोडे पैदा करणारा मुलूख कधीच नव्हता. दमट हवा, भाताची खाचरे आणि चार महिन्यांचा पाऊस घोड्याला मानवत नाही. त्यामुळे चांगला घोडा समुद्रावाटे अरबस्तान आणि इराणच्या आखातातून येई आणि त्याला मोल भारी पडे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवले आहे की, चाच्यांशी त्याचा करार होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. वसईची खाडी ज्या राज्याच्या पाण्यात होती, तिथे घोड्याला केवढी किंमत होती हे यावरून कळते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या व्यापाराची सूत्रे गोव्यातून त्यांच्याच हाती होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि वसई मराठ्यांकडे आली. मराठ्यांची सारी ताकद तर घोड्याच्या पाठीवर उभी होती.

मराठी पागेत घोड्याच्या निगेला आधीपासून किती महत्त्व होते, ते शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीतून दिसते. पंचवीस बारगिरांमागे एक पखाली आणि एक नालबंद असे, म्हणजे पाणी आणि टाप यांची सोय फौजेच्या रचनेतच केलेली होती. चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, पावसाळा संपेपर्यंत दाणा-वैरण पुरवून वापरा, नाहीतर घोडी मरतील, अशी तंबी आहे. कोकणातल्या पावसात बांधून ठेवलेल्या घोड्याचे हाल ठाऊक असलेल्या माणसाचे ते पत्र आहे. अशा दिवसांत खराऱ्याचे मोल वाढते. घाम अंगावरच वाळला की मिठाचे कण खोगिराखाली कातडी सोलतात, दमट केसांच्या बुडाशी कातडीचे रोग धरतात आणि रपेट बंद असल्याने रक्त खेळते ठेवायला घासण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

खराऱ्याची रीत ठरलेली आहे. लोखंडी दाते मांसल भागावरच चालवायचे. तोंड, गुडघे आणि नळ्या इथे कातडीखाली लगेच हाड असते, म्हणून तिथे कापड किंवा मऊ कुंचा. आधी राठ साधनाने सुटे केस आणि माती वर आणायची, मग मऊ साधनाने ती झाडायची आणि शेवटी हाताने मालीश करून कातडीचे तेल केसांवर पसरवायचे. आज कुत्र्याचे अंग विंचरणारा जाणकारही याच क्रमाने जातो.

तरीही वसईचे खरे कष्टकरी जनावर घोडा नव्हे, बैल आणि रेडा. केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्यांना पाणी रहाटाने मिळे, आणि रहाट ओढायला बैल किंवा रेडा गोल गोल फिरे. या जनावरांच्या अंगाला लागायचे साधन वाडीतच पडलेले असे. नारळाचे सोडण, म्हणजे त्याची वरची काथ्याची साल, पाण्यात भिजवून मुठीत धरली की उत्तम ब्रश होतो. तिचे धागे लोखंडासारखे ओरखडत नाहीत आणि कापडासारखे घसरतही नाहीत. भाताच्या पेंढ्याचा पिळून केलेला बोळा हे दुसरे साधन. वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही कामी येई.

म्हशीची गोष्ट वेगळी. तिच्या अंगावर केस विरळ, पण राठ. त्यांत शेण आणि चिखल वाळून बसतो, उवा लपतात. तिथे घासून भागत नाही, म्हणून म्हैस वस्तऱ्याने भादरतात. भादरून तेल चोळलेली काळी कुळकुळीत म्हैस हे तबेल्यातल्या स्वच्छतेचे लक्षण मानले जाते. तेव्हा घोड्याला खरारा, बैलाला सोडण आणि म्हशीला वस्तरा ही वाटणी होती. ती जनावराच्या किमतीवरून किंवा मानावरून पडलेली नव्हती. केस किती दाट, किती राठ आणि त्याखालची कातडी कशी, एवढे पाहून ती पडली होती. जुन्या व्यवहाराचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि तोच आज सर्वांत जास्त विसरला गेला आहे.

या वाटणीत कुत्रा आणि मांजर कुठेच नाहीत. कुत्र्याला मान नव्हता असे नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे. शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात कुत्र्यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पण गावठी कुत्रा काय किंवा लातूर-सोलापूरकडचा कारवानी काय, दोघांचेही केस आखूड आणि अंगालगत. कुत्रा राही अंगणात. त्याचे गळलेले केस मातीत जात आणि पहिल्या सरीबरोबर वाहून जात. कुणाच्या ते नजरेसही पडत नसत.

मांजराच्या बाबतीत तर ब्रश त्याच्या तोंडातच असतो. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. ते टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असून त्यातून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवून दिले. आखूड केसांच्या देशी मांजराला ही जीभ पुरते.

इंग्रजी अमलात तयार ब्रश आले, तेही आधी घोड्यासाठीच. डुकराच्या राठ केसांचे कुंचे फौजेच्या आणि श्रीमंतांच्या तबेल्यांत रुळले. १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तिथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ट्रामचे आणि गाड्यांचे घोडे, ओझी ओढणारे बैल हे त्या काळचे नेहमीचे रोगी. १८६० च्या दशकात विरारपर्यंत रेल्वे आली होती. वसईचे स्थानक जुन्या गावापासून बरेच लांब पडल्याने मधल्या वाटेला टांगे लागले आणि टांग्यांबरोबर घोड्याचा खरारा वसईत आणखी काही दशके टिकला.

याच काळात युरोप-अमेरिकेत घरातल्या कुत्र्यासाठी वेगळे ब्रश घडत होते. त्यांतल्या तारेच्या ब्रशचे नाते घोड्याशी नाही, लोकरीशी आहे. लोकर पिंजायच्या फळीवर चामड्यात किंवा जाड कापडात बारीक, टोकाशी वाकवलेल्या तारा दाट रोवलेल्या असतात. कुत्र्याचा तारेचा ब्रश म्हणजे तीच फळी, लहान करून मुठीला जोडलेली. म्हणून त्यातून निघणारा केसांचा थर पिंजलेल्या लोकरीसारखा एकसंध पापुद्र्याने सुटून येतो. घोंगडी विणणाऱ्या धनगराला ही वस्तू हातात दिली, तर ती कशासाठी आहे हे त्याला विचारावे लागणार नाही.

वसई-विरारमध्ये हे ब्रश आले ते इमारतींबरोबर. १९९० मध्ये सिडकोकडे या पट्ट्याच्या नियोजनाचे काम गेले, वाड्या आणि मिठागरांच्या शेजारी चाळी आणि सदनिका उठल्या. २००९ मध्ये वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर भरली. अंगणातला कुत्रा दोन खोल्यांच्या घरात आला आणि गळलेला केस मातीऐवजी लादीवर, पंख्यावर, ताटात दिसू लागला. त्यातच कुत्र्याची जातही बदलली. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ने पांढरा स्पिट्झ घरोघरी नेला. लोक त्याला पॉमेरेनियनच म्हणतात. २००३ नंतर मोबाइलच्या जाहिरातीने पग आणला, मग लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, अगदी हस्कीसुद्धा. मांजरांत पर्शियन आले.

यांतल्या बहुतेक कुत्र्यांचा अंगरखा दुहेरी असतो: वर राठ केस आणि आत मऊ, दाट लव. थंड मुलखात ही लव हिवाळ्यासाठी वाढते आणि दिवस मोठा होऊ लागला की झडते. प्रकाशाच्या कमी-जास्त होण्यावर हे चक्र चालते. वसईत हिवाळा नावाला, आणि घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. त्यामुळे मोसमाची शिस्त मोडते आणि थोडी थोडी गळती वर्षभर चालूच राहते.

अशा कुत्र्याला साधा माणसाचा ब्रश लावला तर वरचे केस चकाकतात, पण आतली लव तशीच राहून तिचा नमदा, म्हणजे घट्ट गुंतलेला थर, होतो. इथे लांब, विरळ दात्यांचे साधन लागते. शेतातल्या दाताळ्याचेच ते छोटे रूप. आधी दाताळ्याने लव उपसायची, मग तारेच्या ब्रशने वरून हात फिरवायचा, केस थरांनी बाजूला करत कातडी दिसेपर्यंत. तारेचा ब्रश दाबायचा नसतो. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला ओढून पाहावा. तिथे लाल रेघ उठली तर कुत्र्याच्या पोटावरही उठणार. स्पिट्झच्या कानामागे आणि मांड्यांच्या पिसाऱ्यात गुंता आधी बोटांनी सोडवावा लागतो.

पग आणि लॅब्राडोर यांचे केस आखूड, पण गळती भरपूर. त्यांना रबरी दाते असलेला ब्रश किंवा हातमोजा उत्तम. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतून फर्मिनेटर नावाचे धारदार पात्याचे साधन आले. केस कापायच्या यंत्राच्या पात्यासारखी बारीक दातेरी कड हे त्याचे वैशिष्ट्य. सुटी लव ते झपाट्याने काढते. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढले की वरचे चांगले केस तोडते आणि कातडी खरवडते. पूडलसारख्या सतत वाढणाऱ्या कुरळ्या केसांवर ते चालवूच नये. जुन्या खराऱ्याला जी मर्यादा होती, मांसल भागावरच आणि बेताने, तीच याला लागू आहे.

पर्शियन मांजराला त्याची जीभ पुरत नाही. गिळलेल्या केसांचे गोळे पोटात होतात, बगलेत आणि पोटाखाली जटा धरतात. मांजराची कातडी पातळ आणि सैल, म्हणून आधी गोल टोकांच्या धातूच्या फणीने रोज थोडे थोडे विंचरावे आणि जट आली तर कात्रीने ओढून कापू नये. कातडीच कात्रीत येते. कुत्र्याला असो वा मांजराला, आंघोळ विंचरल्यानंतर. ओला गुंता आवळत जातो, आणि दमट हवेत आतली लव वाळायला वेळ लागून बुडाशी बुरशी धरते. जून ते सप्टेंबरात हे रोजचेच असते. याच महिन्यांत विंचरताना कानांच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडते, ती ब्रशने न ओढता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ काढावी लागते.

घोडा वसई-विरारमधून पुरता गेलेला नाही. लग्नसराईत वरातीची घोडी मांडवाबाहेर बांधलेली दिसते आणि झूल चढवण्याआधी तिच्या पाठीवर खरारा फिरतो. आता तो बहुधा लोखंडी नसतो. अंडाकृती, काळ्या रबराचा, वाटोळ्या बोथट दात्यांचा तोच खरारा, आकाराने लहान होऊन, लॅब्राडोरसाठी ब्रश म्हणून दुकानात टांगलेला असतो.