हरवलेले लक्ष परत आणता येते का?

'इकडे लक्ष द्या!' असे आपण वर्गात दिवसातून कितीदा तरी म्हणतो. विद्यार्थ्याने मनावर घेतले की लक्ष लागते, असे आपण गृहीत धरतो. मेंदूला जबर मार बसलेल्या माणसाला मात्र मनापासून इच्छा असूनही हे जमत नाही. मग त्याला ते पुन्हा शिकवता येईल का? या प्रश्नाचा इतिहास युद्धांपासून सुरू होतो.

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागूनही अनेक तरुण सैनिक जगले. जर्मनीत कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफुर्टमध्ये त्यांच्यासाठी संस्था उभारली. उपचार, मानसशास्त्रीय चाचण्या आणि कामाची कार्यशाळा तिथे एकत्र होती. चाचणीतले गुण वाढणे पुरेसे नव्हते. माणूस कामावर परतू शकतो का, हे त्यांना पाहायचे होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना अटक केली आणि त्यांना देश सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उरल भागातल्या रुग्णालयात हेच काम करत होते. मेंदूचे कोणतेही गुंतागुंतीचे काम अनेक भाग मिळून करतात, असे त्यांचे म्हणणे. एक भाग निकामी झाला तर तेच काम दुसऱ्या वाटेने करून घेता येईल. त्यांचे गुरुतुल्य सहकारी वायगॉट्स्की यांनी हे आधीच दाखवले होते. पार्किन्सनच्या एका रुग्णाला सपाट जमिनीवर चालता येत नसे. जमिनीवर कागदाचे तुकडे मांडल्यावर तो एकेक तुकडा ओलांडत चालू लागला! आतला आधार गेला, तेव्हा बाहेरचा आधार कामी आला.

१९८७ मध्ये अमेरिकेत सोलबर्ग आणि मटीर यांनी खास लक्षासाठी व्यायाम तयार केले. त्यांनी लक्षाचे पाच प्रकार मानले: एखाद्या गोष्टीची दखल घेणे, लक्ष टिकवणे, गोंगाटातून हवे ते निवडणे, एका कामावरून दुसऱ्यावर जाणे आणि एकाच वेळी दोन कामे सांभाळणे. त्यांच्या चार रुग्णांत सुधारणा दिसली. पण पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पॉन्सफोर्ड आणि किन्सेला यांना आपल्या प्रशिक्षणाचा तसा स्पष्ट फायदा आढळला नाही.

असे का व्हावे? इजेनंतरच्या काही महिन्यांत मेंदू आपोआपही सावरत असतो. शिवाय तीच चाचणी पुन्हा दिली की सरावानेच गुण वाढतात. म्हणून 'आधी आणि नंतर' एवढीच तुलना फसवी ठरते. प्रशिक्षण न मिळालेला गटही हवा. २००१ मध्ये पार्क आणि इंगल्स यांनी ३० अभ्यास एकत्र तपासले. असा गट असलेल्या अभ्यासांत निव्वळ लक्षाच्या व्यायामांचा लाभ जवळजवळ दिसेनासा झाला. मात्र वाहन चालवण्यासारखे नेमके कौशल्य शिकवले, तेव्हा ते सुधारले. आज व्यायामांच्या जोडीला युक्त्याही शिकवतात: कामाचे तुकडे पाडणे, वेग कमी करणे, मध्येच थांबून 'मी काय करतो आहे?' असे स्वतःला विचारणे.

अपघातातून बरा होऊन एखादा मुलगा वर्गात परततो. जखम भरलेली असते, बोलणे-चालणे नीट असते. त्यामुळे तो आळशी झाला, असा शिक्का सहज बसतो. त्याला रागावून काही साधत नाही. एका वेळी एकच सूचना, ती फळ्यावर लिहिलेली, खिडकीपासून दूरची जागा आणि थोडा जास्त वेळ, एवढे तर आपण देऊ शकतो. हेच त्याचे कागदाचे तुकडे.